शेजारची वाटी

त्या खोलीला दोन दारं होती आणि ती दोन्ही एका वेळी कधीच उघडत नसत. पहिलं दार उघडून आत यायचं, ते मागे पूर्ण मिटेपर्यंत मधल्या अरुंद जागेत उभं राहायचं, गाऊन चढवायचा, मास्क नाकावर घट्ट बसवायचा आणि मग दुसरं दार ढकलायचं. घाई केली तर ते हलत नसे. डॉक्टरबाई कितीतरी वर्षं असंच आतबाहेर करत होत्या. तरी त्या मधल्या जागेत उभं राहिलं की त्यांच्या मनात एकदा तरी येऊन जाई, पुढचं उघडलं नाही आणि मागचंही उघडलं नाही तर?

आत आठ वर्षांची एक मुलगी राहत होती. ‘राहत होती’ असंच म्हणायला हवं, कारण तिचे पुढचे दात याच खोलीत पडले होते आणि नवेही इथेच आले होते. तिला फुप्फुसांचा क्षय झाला होता आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. वॉर्डात सगळे तिला कारभारीण म्हणत. आज पाळी कोणाची, जेवणाची गाडी उशिरा का आली, कोणत्या डॉक्टरचे बूट चालताना कुरकुरतात, या सगळ्याची खबर तिला लागे. काचेपलीकडून जाणाऱ्याला ती बोटाने थांबवी आणि खुणेने विचारी, “एवढी धावपळ कशाला?”

डॉक्टरबाईंचं सगळं आयुष्य मुलांच्या संसर्गजन्य आजारांत गेलं होतं. त्यातही क्षय हा त्यांचा खास विषय. मुलांच्या क्षयाची एक अडचण आहे. मोठ्या माणसाला खोकून थुंकी दे म्हटलं की तो देतो. मूल खोकतं आणि गिळून टाकतं. म्हणून मूल सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाकातून एक बारीक नळी पोटात सोडतात आणि रात्रभर गिळलेलं ते पाणी ओढून घेतात. मग प्रयोगशाळेत ते पाणी स्वच्छ करून त्यात जंतू उगवतात का, हे पाहत बसायचं. क्षयाचा जंतू आळशी. उगवायला आठवडेच्या आठवडे लावतो.

नळी कोणत्याच मुलाला आवडत नाही. कारभारणीने पहिल्याच वेळी तह करून टाकला होता. “नळी तुमची, तर हुकूम माझा. पूर्ण दिवस.”

डॉक्टरबाईंनी तो मान्य केला आणि निभावलाही. एकदा त्यांनी सकाळची सगळी फेरी उलट्या पावलांनी चालत घेतली. एकदा दिवसभर प्रत्येक वाक्यानंतर “बरं का” म्हणायचा हुकूम झाला, आणि नेमका त्याच दिवशी वरिष्ठांचा फोन आला. “अहवाल पाठवते, बरं का,” असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. सिस्टर तोंडावर हात दाबून बाहेर पळाल्या.

मुलीच्या पोटातलं पाणी आता ओळीने स्वच्छ येत होतं, त्यात जंतू उगवत नव्हते. आणखी एकदा स्वच्छ आलं की घरी. घरी तिचा एक भाऊ होता, ती इथे आल्यानंतर जन्मलेला. बाबा त्याला काचेपलीकडे उचलून धरत. “हा हलतो का कधी? की नुसतं गाठोडंच आणता?” ती ओरडून विचारी.

आणि मग प्रयोगशाळेतून फोन आला.

प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई डॉक्टरबाईंच्याच हाताखाली शिकलेल्या. “मॅडम, कारभारणीचा नमुना उगवलाय,” त्या म्हणाल्या. “खूप उशिरा. जंतूंचे मोजकेच ठिपके आहेत. पण आहेत.”

“नक्की?”

“दोनदा बघितलं. वाईट वाटतंय हो.”

मोठ्या माणसाच्या नमुन्यात असे उशिरा आलेले मोजकेच ठिपके दिसले तर डॉक्टर आधी शंका घेतात. कुठून तरी उडून आले असतील, म्हणतात. पण मुलांच्या बाबतीत शंका घ्यायची नाही, हे डॉक्टरबाईंनीच जगाला शिकवलं होतं. त्या तरुण असताना एका मुलाच्या नमुन्यातले असेच चार ठिपके त्यांच्या वरिष्ठांनी हसण्यावारी नेले होते. ते मूल वाचलं नाही. त्यानंतर डॉक्टरबाईंनी उमेदीची सगळी वर्षं एकाच गोष्टीत घातली. मुलांच्या अंगात जंतू मुळातच थोडे असतात. म्हणून मुलाच्या नमुन्यात एक जरी उगवला तरी तो खरा माना, आणि उपचार पहिल्यापासून सुरू करा. यालाच लोक ‘बाईंचा नियम’ म्हणू लागले. दूरदूरच्या इस्पितळांत तो पाळला जाऊ लागला. परिषदांमध्ये त्या बोलायला उभ्या राहिल्या की सभागृह उठून टाळ्या वाजवी.

पहिल्यापासून म्हणजे पुन्हा ते सगळे महिने. शिवाय एक जालीम इंजेक्शन, रोज. त्याने जंतू मरतात, पण कधीकधी मुलांचे कानही जातात. कायमचे.

मुलीच्या आईला त्यांनी आपल्या खोलीत बसवून हे सांगितलं. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “डॉक्टर, तिचं वजन वाढलंय. खोकला नाही, ताप नाही. काल पलंगावर उड्या मारल्या म्हणून सिस्टर रागावल्या तिला. आणि तुम्ही म्हणता, आत अजून आहे?”

“कधीकधी बाहेरून काही दिसत नाही.”

“मग तुम्हाला तरी कसं दिसलं?”

“प्रयोगशाळेत उगवलंय.”

“इंजेक्शनं कधीपासून?”

“सोमवारपासून.”

“आणि कानांचं?”

“आम्ही कान सारखे तपासत राहू.”

“तपासून गेलेले कान परत येतात?”

डॉक्टरबाईंनी नाही म्हणून मान हलवली. आई उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “तिला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. माझ्यावर तिचा अजून विश्वास आहे, तो राहू दे.”

मुलीला त्यांनी सांगितलं. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उठताना डॉक्टरबाईंनी विचारलं, “आजचा हुकूम?”

“नाही,” ती म्हणाली. “हुकूम देऊन काही होत नाही.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कामाचं असं काही नव्हतं, तरी डॉक्टरबाई आत गेल्या. मुलगी टेबलाशी बसली होती. समोर रंगांच्या वड्या, ब्रश, पाण्याचा जग, आणि गोळ्या देतात तसल्या छोट्या वाट्यांची एक रांग. तिने वर पाहिलं नाही.

“आलाच आहात तर बसा. तुमचं चित्र काढते. हलायचं नाही.”

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. कागदावर टोपी, कपाळ आणि डोळे आले होते. डोळ्यांखाली कोरा कागद.

“खालचं कधी काढणार?”

“मला काय माहीत खाली काय आहे ते? मी पाहिलंय कुठे?”

खरंच होतं. या खोलीत मास्कशिवाय कोणीच येत नसे. मुलीने जग उचलला आणि एकेका वाटीत पाणी ओतायला लागली. लाल रंग कालवलेली एक वाटी घट्ट झाली होती, तिच्यात थोडं ओतलं. मग तिच्या शेजारची स्वच्छ वाटी. मग तिच्या पुढची. एकदम ती चिडली.

“बघा! बिघडली. मी ह्यात पिवळा करणार होते.”

शेजारच्या वाटीतलं पाणी फिकट गुलाबी झालं होतं.

“त्यात लाल घातलास तू?” डॉक्टरबाईंनी सहज विचारलं.

“छे! घातला नाही, आला. जगचं तोंड लाल वाटीला लागलं ना. मग ते इकडे लागलं.” तिने पुढची वाटी डोळ्यांजवळ धरली. “ह्यात पण आलाय, थोडासा. त्याच्या पुढची चांगली आहे. आता ह्या दोन टाकून द्यायच्या. हलू नका म्हटलं ना!”

डॉक्टरबाई हलल्या नव्हत्या. त्या त्या गुलाबी वाटीकडे पाहत होत्या.

निघताना त्या मधल्या जागेत थांबल्या. मागचं दार मिटलं. पुढच्या दारावरचा दिवा हिरवा झाला, म्हणजे आता उघडायला हरकत नव्हती. पण त्या तशाच उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेत नमुने ओळीने ठेवतात. ते धुवायचं पाणी एकाच मोठ्या बाटलीतून सगळ्या परीक्षानळ्यांत ओततात. ओतताना बाटलीचं तोंड परीक्षानळीच्या काठाला टेकवायचं, म्हणजे थेंब बाहेर सांडत नाही आणि काम करणाऱ्याला धोका होत नाही. हे कोणी शिकवलं? त्यांनीच. हाताला हात धरून शिकवलं होतं. आणि शेजारी लाल वाटी असेल तर? आणि हे फक्त याच वेळी झालं असेल असं कशावरून? मुलांचे ते सगळे उशिरा उगवलेले, मोजके ठिपके, ज्यांच्यावर त्यांचा नियम उभा होता...

दिवा पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. बाहेरून सिस्टरने काचेवर टकटक केली. “अडकलात की काय?”

दुपारी त्या लाल शाईची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेल्या.

“सुट्टीच्या दिवशी मॅडम?” प्रमुखबाई हसल्या. “आणि शाई? शाळा काढताय?”

“परीक्षानळ्यांची एक रांग लाव. सगळ्यांत साधं पाणी. ह्या एकीत शाई. आणि नेहमी करतेस तसं धुवायचं पाणी ओत. मुद्दाम सांभाळून करू नकोस.”

“माझी परीक्षा घेताय होय?”

“माझी घेतेय. ओत.”

प्रमुखबाईंनी ओतलं. हात सराईत, एक थेंब सांडला नाही. मग डॉक्टरबाईंनी परीक्षानळ्या एकेक करून पांढऱ्या कागदापुढे धरल्या. शाईच्या पुढची किंचित गुलाबी होती. नीट पाहिल्याशिवाय कळणार नाही, इतकी किंचित.

डॉक्टरबाईंनी ती परीक्षानळी परत रांगेत ठेवली.

“त्या दिवशी कारभारणीच्या आधी कोण होतं?”

“मोठ्यांच्या वॉर्डातला एक माणूस,” प्रमुखबाई हळू आवाजात म्हणाल्या. “जंतूंनी भरलेला. आठवतंय, कारण इतका दाट नमुना बऱ्याच दिवसांत आला नव्हता.” मग त्या सावरल्या. “पण मॅडम, शाई म्हणजे जंतू नव्हे. दोघांच्या जंतूंची ओळख जुळवून बघू. एकाच घरचे निघाले तर तुमचं खरं. पण त्याला वेळ लागतो. आणि सोमवार परवा आहे.”

“माहीत आहे.”

“नियम तर तुमचाच आहे. मुलाच्या नमुन्यात एक जरी...”

“पाठ आहे गं मला.”

प्रमुखबाईंनी कोपऱ्यातल्या मोठ्या शीतपेटीकडे पाहिलं. तिच्यात डॉक्टरबाईंच्या सगळ्या अभ्यासातले जंतू गोठवून ठेवलेले होते, एका ओळीत एक मूल, त्याच्या पहिल्या नमुन्यापासून शेवटच्यापर्यंत. “हिचं जुळलं तर त्यांचंही बघावं लागेल. तुमचं काम सगळं...”

“बघ,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिच्यापासून सुरू कर, आणि मग ते.”

रविवारभर त्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. इंजेक्शन सुरू करावं आणि ठिपके खोटे निघावेत, तर मुलीचे कान जातील, तेही विनाकारण. इंजेक्शन थांबवावं आणि ठिपके खरे निघावेत, तर आजार आतल्या आत उसळेल. मग त्याही हसण्यावारी नेणाऱ्या त्या वरिष्ठांच्या पंगतीला जाऊन बसतील. नियम मोडायचा तर पुरावा नाही, पाळायचा तर मन धजत नाही. नवरा एकदा म्हणाला, “अगं, बस तरी कुठे.” त्या बसल्या, आणि पुन्हा उठल्या.

सोमवारी सकाळी सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, “ठेवून द्या. आहेत तीच औषधं चालू राहतील.”

“पण नियम...”

“नियम माझा आहे, थांबवतेही मीच आहे. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

मग वाट पाहणं सुरू झालं. मुलगी आत, आई काचेशी, आणि डॉक्टरबाई दिवसातून चारचारदा त्या दोन दारांच्या मधे. मुलगी पाणी पिताना ठसकली तरी त्या दारातून परत फिरत. त्या तिची छाती इतक्यांदा तपासत, की एकदा ती म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाही का? कालच तर ऐकलंत.”

आईला त्यांनी सगळं सांगून ठेवलं होतं, शंका काय आहे आणि धोका काय आहे. आई म्हणाली होती, “म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“नाही.”

“हे आधी म्हणाला असतात तर बरं झालं असतं.”

शेवटी प्रमुखबाई स्वतः वर आल्या. फोन केला नाही, यावरूनच डॉक्टरबाई समजल्या.

“कारभारणीच्या नमुन्यातला जंतू तिचा नव्हेच,” त्या म्हणाल्या. “त्या माणसाचा. तंतोतंत.”

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. किती तरी दिवसांनी त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. मग त्यांनी विचारलं, “आणि शीतपेटीतले?”

“सगळे खोटे नाहीत, मॅडम. बरेचसे खरेच आहेत. नियम अगदीच...”

“खोटे कोणाचे?”

प्रमुखबाईंनी सांगायला सुरुवात केली. नावं पुरी सांगायची गरज पडली नाही, डॉक्टरबाईंना प्रत्येक मूल टोपणनावाने आठवत होतं. खिडकीतल्या मुंग्यांना साखर घालणारी ती. दोघी जुळ्यांतली थोरली. आणि बडबड्या.

बडबड्या झोपेतसुद्धा बोलायचा. पुन्हा उपचार सुरू केल्यावर त्याचे कान गेले. मग बोलणंही हळूहळू कमी होत थांबलं. जाताना त्याच्या आईने डॉक्टरबाईंचे हात धरून म्हटलं होतं, कान गेले तर गेले, तुम्ही जीव तर वाचवलात.

“तो पण?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“तो पण.”

दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या वेळी त्या खोलीत गेल्या. आई बरोबर होती. आता भीती कशाचीच नव्हती, म्हणून त्यांनी मास्क काढला.

कारभारीण त्यांच्याकडे पाहतच राहिली. “असं नाक आहे होय? मला वाटलं होतं, सरळ असेल.”

“अगं!” आई म्हणाली.

“राहू दे, खरं बोलतेय ती.” डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. “ऐक. तुझ्या पोटातलं पाणी स्वच्छ होतं. तेव्हाही होतं. तुझी वाटी गुलाबी झाली होती, तो रंग दुसऱ्याचा. ओतायची ती पद्धत मी शिकवली होती. आणि शंका घ्यायची नाही, हेही मीच शिकवलं होतं. तू घरी असायला हवी होतीस, इथे राहिलीस ती माझ्या चुकीमुळे.”

मुलीने विचार केला. “म्हणजे उगाच?”

“हो. उगाच.”

“मग आज नळी नसली तरी हुकूम माझा.”

“तुझाच.”

“तर मग तुम्ही इथे बसा. चित्र पुरं होईपर्यंत. उठायचं नाही.”

बाहेर बाबा गाठोडं घेऊन फेऱ्या मारत होते. आई बॅग भरून पलंगावर बसली. मुलीने ब्रश ओला केला आणि सावकाश कामाला लागली. नाक काढलं, थोडं वाकडं. गाल काढले. गालांवरच्या सुरकुत्या मोजल्यासारख्या एकेक करून काढल्या. मग ब्रश खाली ठेवला. नाकाखाली कागद कोराच होता.

“तोंड राहिलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“ते तपासणीला येईन तेव्हा काढेन.”

“आणि तोवर मी इथेच बसू?”

“कामाला जा हवं तर,” ती म्हणाली. “पण सुट्टी झालेली नाही हं. मी येईपर्यंत नाही.”

एक दार मिटेपर्यंत दुसरं अडवून धरणाऱ्या कुलपाची कळ सिस्टरने बंद केली, आणि त्या खोलीची दोन्ही दारं पहिल्यांदाच एकदम उघडली. मुलगी मधल्या जागेत न थांबता थेट बाहेर धावली. बाहेरून तिचा आवाज आला, “अरे, हा तर खरंच हलतो!” मग हसणं, मग बाळाचं रडणं, मग लिफ्टचं दार.

डॉक्टरबाई उठल्या नाहीत. टेबलावर वाट्या तशाच होत्या, गुलाबी पाणी वाळून तळाशी रेघा उरलेल्या. काही वेळाने त्यांनी खिशातून फोन काढला आणि पहिला नंबर लावला.

“मी बोलतेय, नळीवाली डॉक्टर,” त्या म्हणाल्या.

“अय्या, तुम्ही!” पलीकडून बडबड्याच्या आईचा आवाज आला, आनंदाने भरलेला. “अहो, किती वर्षांनी! तो अजून तुमची नक्कल करून दाखवतो. मास्क नीट करत चालता ना, तशी. बोला ना, काय काम काढलंत?”

डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या त्या चित्राकडे पाहिलं.

“फोनवर नाही,” त्या म्हणाल्या. “मी घरी येते. तोही समोर बसलेला हवा. त्याला कळेल असं, सावकाश, मलाच सांगायचंय.”